स्कीमाचे झाड कागदावर काढायला लावल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

माझ्या कोडसमोर बसून आपण जी दुपार खर्ची घातलीत, तिचे आभार घाईघाईत तोंडी मानले गेले. ते मनाला पटले नाही, म्हणून हे पत्र.

अ‍ॅव्हरोच्या (डेटा साठवण्याच्या एका स्वरूपाच्या) स्कीमातून, म्हणजे डेटाची रचना सांगणाऱ्या आराखड्यातून, वैयक्तिक माहितीची फील्ड शोधून झाकणारे फंक्शन मी लिहिले होते. रेकॉर्ड (फील्डचा समूह) असेल तर हे, अ‍ॅरे असेल तर ते, अशी इफ-एल्सची लांब रांग त्यात होती, आणि दस्तऐवज तयार करणाऱ्या फंक्शनातही तीच थोड्या फरकाने उतरली होती. झाकणाऱ्या फंक्शनात युनियन, म्हणजे दिलेल्या प्रकारांपैकी कोणताही एक चालेल असे सांगणारा प्रकार, राहून गेले. अ‍ॅव्हरोमध्ये पर्यायी फील्ड ‘नल’ आणि प्रत्यक्ष प्रकार यांच्या युनियननेच मांडतात. त्यामुळे पर्यायी पत्त्याच्या आतला फोन क्रमांक चाचणीच्या फाइलमध्ये जसाच्या तसा दिसला. मी तेवढी शाखा जोडून मोकळा होणार होतो. आपण मला थांबवले आणि आधी स्कीमाचे झाड कागदावर काढायला लावले.

झाडात फिरणे आणि फिरताना करायचे काम या दोन गोष्टींची मी सरमिसळ केली होती, हे त्या कागदावर दिसले. त्यावर आपण व्हिजिटर पॅटर्न सांगितला, म्हणजे करायचे काम ‘व्हिजिटर’ नावाच्या वेगळ्या क्लासमध्ये ठेवण्याची पद्धत. त्याच्या मूळ मांडणीत झाडाच्या प्रत्येक नोडच्या क्लासमध्ये ‘अ‍ॅक्सेप्ट’ मेथड असते. पण हे क्लास लायब्ररीचे असल्याने तिथे ती घालता येणार नव्हती, म्हणून प्रकार ओळखणारा एकच स्विच फिरणाऱ्या फंक्शनात ठेवून त्याने व्हिजिटरची योग्य मेथड बोलवावी, हा मार्ग आपण सुचवला. सोयीसाठी मी बेस क्लासमध्ये सगळ्या मेथड रिकाम्या लिहून ठेवल्या होत्या, त्याही आपण काढायला लावल्या, कारण रिकामी मेथड म्हणजे पुन्हा तीच गुपचूप राहून गेलेली शाखा. मेथड अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (रिकामीही न लिहिलेली, पुढच्या क्लासने लिहायलाच हवी अशी) असली की ती राहिल्यास कंपाइलरच अडवतो. मला ही सूचना सर्वांत मोलाची वाटते.

दुसरी अडचण स्वतःचाच उल्लेख करणाऱ्या रेकॉर्डची होती. उदाहरणार्थ, श्रेणीच्या आत उपश्रेणींचा अ‍ॅरे, आणि त्यात पुन्हा तोच रेकॉर्ड. फिरणे संपतच नसल्याने स्टॅक भरून प्रोग्राम कोसळत असे. मी भेट दिलेल्या रेकॉर्डची नावे एका सेटमध्ये साठवून उपाय केला, तेव्हा घरचा आणि कार्यालयाचा पत्ता एकाच रेकॉर्डचे असतील तर दुसरा वगळला जाईल, हे आपण क्षणात ओळखले. रेकॉर्डमध्ये शिरताना पूर्ण नाव सेटमध्ये घालायचे आणि बाहेर पडताना काढायचे, एवढ्या बदलाने काम झाले.

नवे प्रकार वारंवार येत असतील तर हा पॅटर्न जड जातो, कारण दर वेळी प्रत्येक व्हिजिटर बदलावा लागतो, हेही आपण आधीच स्पष्ट सांगितले. अ‍ॅव्हरोचे 8 मूळ आणि 6 संयुक्त प्रकार सहसा बदलत नाहीत, म्हणून इथे तो शोभतो.

गेल्या आठवड्यात मी स्कीमाच्या दोन आवृत्त्यांची तुलना करणारा व्हिजिटर लिहायला घेतला. ‘फिक्स्ड’ (ठरावीक बाइटचा) प्रकार माझ्या ध्यानीमनीही नव्हता. त्याची मेथड लिहीपर्यंत कंपाइलरने पुढे जाऊ दिले नाही, आणि लिहिताना बाइटमधला आकारही जुळवून पाहायला हवा, हे लक्षात आले. तो कोड सोबत जोडला आहे; सवडीने नजर टाकावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक सहकारी