आमची लेकरे मोजल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

येत्या जूनमध्ये माझी धाकटी मुलगी पहिलीत जाईल. तिच्या अंगणवाडीतील वस्तूंची पिशवी परवा घरी आली आणि आपले आभार मानायचे राहूनच गेले आहे, याची फार जाणीव झाली. वस्तीवरील बायकांशी बोलून हे पत्र मी मुद्दाम सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण वस्तीला अंगणवाडी मिळावी म्हणून आपण जे केले ते नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या, काठावरील इतर वाड्यावस्त्यांनाही कळले पाहिजे, असे आम्हा सगळ्यांनाच वाटते.

आमची वस्ती म्हणजे फुगवट्यात शिरलेले जमिनीचे एक टोक आहे. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला ओढा. धरण भरले की ओढ्यातही पाणी चढते, रस्ता बुडतो आणि पुढचे काही महिने आम्ही बेटावर राहतो. गावठाणातील अंगणवाडीची पिवळी भिंत आमच्या काठावरून स्पष्ट दिसते, पण तिथे पोहोचायचे तर चप्पूवर बसावे लागते. थर्माकोलचे तुकडे दोरीने बांधून केलेल्या त्या चप्पूवर तीन वर्षांच्या लेकराला कोणती आई बसवील? याच जलाशयाच्या फुगवट्यातून गंगापूर तालुक्यातील मुले थर्माकोलवर बसून शाळेत जातात, अशी बातमी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत आली आणि औरंगाबाद खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. परंतु ती मुले शाळेच्या वयाची होती. त्याहून लहान मुले पाण्याच्या अलीकडेच राहतात, त्यामुळे ती बातमीतही येत नाहीत आणि हजेरीपटावरही येत नाहीत.

आपण आमच्याकडे आलात त्या एका लग्नासाठी. नोकरीतून निवृत्त होऊन आपल्याला वर्ष झाले होते, असे नंतर कळले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पाण्याकडे फिरायला निघालात, तेव्हा लिंबाच्या बुंध्याला जुन्या साडीच्या पट्टीने कमरेला बांधलेली अडीच वर्षांची एक मुलगी आपल्याला दिसली. पट्टी जेमतेम चार हात लांब होती आणि तेवढ्या वर्तुळातली माती तिच्या पायांनी गुळगुळीत झाली होती. ती माझी मुलगी होती. मी हाकेच्या अंतरावर गाळपेरीच्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरलेल्या, हरभऱ्यात होते. सासूबाई वारल्यापासून घरात तिच्याकडे पाहणारे कोणी नव्हते आणि तिला मोकळे सोडले तर ती थेट पाण्यात जाईल, ही भीती रात्रीसुद्धा मला झोपू देत नसे. आपण मला रागावाल असे वाटले होते. आपण पट्टी सोडलीत, तिला कडेवर घेतलेत आणि मला एवढेच विचारलेत, “वस्तीवर सहा वर्षांच्या आतली लेकरं किती आहेत?”

मॅडम, त्या प्रश्नाचे उत्तर वस्तीवर कोणालाच देता आले नाही. शेळ्या किती, पाण्याच्या मोटारी किती, कोणाच्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला, मुकादमाने किती उचल दिली, हे आम्हाला तोंडपाठ होते. लेकरे मात्र आम्ही कधी मोजलेली नव्हती.

त्या दिवशी आपण दोनशे पानी वही मागवून घरोघर फिरलात आणि एकोणीस नावे लिहिलीत. ती यादी लगेच द्यावी, असे आमचे म्हणणे होते. आपण नको म्हणालात, कारण अर्ध्या घरांना कुलूप होते आणि ती माणसे लेकरांसह ऊसतोडीला गेलेली होती. आजही मला आपल्या साऱ्या कामांत हे सर्वांत मोठे वाटते. जी मुले वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत काढतात, ती दोन्हीकडच्या यादीतून सुटतात, हे आपल्याला अनुभवाने माहीत होते. पाडव्यानंतर कोयते परतले तेव्हा आपण स्वतःच्या पैशाने एसटीचा प्रवास करून पुन्हा आलात. जन्मदाखला नसलेल्या मुलांच्या लसीकरणाच्या कार्डावरून तारखा घेतल्यात आणि जिथे कार्डही नव्हते, तिथे “पोळ्याच्या आधी की नंतर” असे विचारत आयांकडून महिना निश्चित करून घेतलात. दुसऱ्या यादीत त्रेचाळीस नावे झाली.

मग त्या आकड्याचा अर्थ आपण आम्हाला समजावून सांगितलात. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिलेल्या आदेशानुसार, ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे, हे आम्ही प्रथमच ऐकले. तोपर्यंत अंगणवाडी ही पुढाऱ्याच्या मर्जीने मिळणारी वस्तू आहे, असेच आम्ही समजत होतो. त्याच वेळी आपण आम्हाला खोटी आशाही लावली नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा वर्षांपर्यंतच्या मुलाचा आहार हा हक्क ठरला आहे, परंतु शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीच्या शिक्षणासाठी राज्यघटनेच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात राज्याने ‘प्रयत्न करावा’ एवढेच म्हटले आहे, हा फरक आपण स्पष्ट सांगितलात. २०२० चे शैक्षणिक धोरण पहिलीच्या आधीची तीन वर्षे पायाभूत मानते, आणि तरीही ती वर्षे कायद्याने हक्काची नाहीत, हे मला आजही पटत नाही.

ग्रामसभेचा ठराव कसा मांडायचा, अर्जाला यादी कशी जोडायची आणि काहीही झाले तरी पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाही, हे आपण शिकवलेत. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत आम्ही एकवीस बायका मिळून गेलो. त्यानंतर तीन महिन्यांचे दीड वर्ष झाले. वस्तीची लोकसंख्या वेगळी नोंदलेली नाही, म्हणून एका कार्यालयाने अर्ज परत केला. दुसऱ्या वेळी यादीच गहाळ झाल्याचे सांगण्यात आले. पोच हातात होती आणि यादीची दुसरी प्रत आपल्याकडे होती, म्हणून आम्ही तग धरला. अखेर चाळीस मुलांचा निकष पूर्ण होत असतानाही आधी मिनी अंगणवाडीच मंजूर झाली. एकटी सेविका शिकवणार, तीच शिजवणार, तीच वजने घेऊन मोबाइलवर माहिती भरणार. आम्ही निराश झालो, तेव्हा “दार उघडलंय, आता आत बसा,” असे आपण फोनवर म्हणालात. पुढे मिनी अंगणवाड्यांचे नियमित अंगणवाडीत रूपांतर करण्याचे धोरण आले, त्यात आमचीही झाली आणि मदतनीस मिळाली.

मारुतीच्या देवळाच्या ओसरीत ती पहिल्यांदा भरली, त्या दिवशी आपण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याविषयी बोललात. १९४५ मध्ये बोर्डीत बालवाडी सुरू करणाऱ्या या दोघींनी, मुले शाळेपर्यंत येत नसतील तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथून आला, हे ऐकताना ओसरीवर बसलेल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी जायकवाडीचे उद्घाटन झाले. पाच महिन्यांच्या आतबाहेरच्या या दोन गोष्टी. त्यांतली एक आमच्या दारापर्यंत लगेच आली. आमच्या आजोबांची शेते धरणाच्या पाण्याखाली आहेत. दुसरीला यायला पंचेचाळीसहून अधिक वर्षे लागली.

माझ्या थोरल्या मुलाला यातले काही मिळाले नाही. तालुक्याच्या नर्सरीची फी आमच्या आवाक्याबाहेर होती आणि तिची गाडी ओढ्यापलीकडे येतही नव्हती. शेजारच्या घरातील मुलीला त्यासाठी मामाकडे ठेवावे लागले आणि ती वर्षभर आईवाचून राहिली. माझा मुलगा सहाव्या वर्षी थेट पहिलीत गेला, तेव्हा त्याने खडू हातात धरलेला नव्हता. पहिले चार महिने तो वर्गात एक शब्दही बोलला नाही. धाकटी मात्र चिंचोके पाच-पाचच्या ढिगांत मांडते, उरलेला एक मुठीत लपवते आणि “सांग, किती झाले?” असे भावालाच विचारते. सकाळचा नाश्ता आणि दुपारचा गरम आहार तिथेच होतो. तिच्या वयाच्या मुलाला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळाली पाहिजेत, हे आता वस्तीवरच्या आया मदतनीसबाईंना विचारू लागल्या आहेत. दर महिन्याला वजन होते. गेल्या पावसाळ्यात एका बाळाचा दंडघेर, म्हणजे कुपोषण ओळखण्यासाठी मोजतात तो दंडाचा घेर, कमी भरला, ते सेविकाताईंनी वेळेवर पाहिले आणि रस्ता बुडण्याआधी त्याला दवाखान्यात पोहोचवता आले.

काही गोष्टी अजून झालेल्या नाहीत. इमारत नाही, ओसरीवर पावसाची झड येते आणि दिवाळीनंतर निम्मी मुले फडावर जातात, तेव्हा त्यांच्या नावापुढे गैरहजेरीच्या फुल्या पडत राहतात. त्या फुल्यांचे काय करायचे, हे आपल्याला विचारायचे आहे. सेविकाताईंनी तोपर्यंत एक वही घातली आहे. कोणते लेकरू कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या कारखान्याच्या फडावर गेले, ते त्या प्रत्येक मुकादमाला फोन करून तिच्यात लिहितात. आपल्या वहीसारखीच दोनशे पानी वही आहे.

लिंबाचे झाड तिथेच आहे. त्याच्या फांदीला आता वजनकाटा टांगतात आणि झोळीत बसून मुले झोके घेतात. साडीची ती पट्टी मी टाकून दिली नव्हती. झोळी फाटली तेव्हा तिचे ठिगळ लावले. पाणी चढण्याआधी, मृगाच्या सुमारास एकदा या. रस्ता तोपर्यंत उघडा असतो आणि यंदाच्या यादीत सात नवी नावे आहेत, ती आपल्या हाताने लिहावीत, अशी सगळ्या बायकांची इच्छा आहे.

आपली कृतज्ञ,
वस्तीवरील एक आई