खोडलेलं वाक्य

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लांबलं, कारण तुझा प्रश्न मलाच टोचत होता. तू विचारतोस, तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होतं, कर्मांनी नाही, असं लहानपणापासून ऐकतोय. मग सोमवारी मी कसा वागतो याने देवाला काय फरक पडतो?

बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली हेच सांगणारी आठवी-नववी ओवी आपल्याला तोंडपाठ. पुढची दहावी कुणी म्हणत नाही, आणि सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवलं आहे हे तिथेच लिहिलंय. याकोब तर बायबलमधल्या आपल्या पत्रात सरळ म्हणतो, क्रियांवाचून विश्वास निर्जीव. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला हे पत्र एवढं खटकलं की १५२२ साली त्याने त्याला चक्क 'पेंढ्याचं' म्हटलं. गंमत अशी, त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहिलं की खरा विश्वास सत्कर्म करावं का असं विचारत बसत नाही. विचारायच्या आधीच त्याने ते केलेलं असतं.

असो. पंडितांचं भांडण पंडितांना लखलाभ. माझं सांगतो, जे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कामावर एका हिशेबात माझ्या हातून चूक झाली. ठपका आला एका नव्या मुलावर. मी गप्प राहिलो. खोटं बोललो नाही, नुसता बोललो नाही. या फरकाचा तेव्हा मला केवढा आधार वाटायचा! रोज रात्री गुडघे टेकून देवाकडे क्षमा मागायचो. चार-पाच रात्रींत मन शांतही झालं. इतकं, की मी उठून मंडळीत साक्ष दिली असती.

मग एकदा बायबलच्या जुन्या करारातलं लेवीय वाचत होतो. कंटाळवाणं म्हणून आपण उड्या मारत वाचतो तेच पुस्तक. सहाव्या अध्यायात आहे: शेजाऱ्याला फसवलं असेल तर घेतलेलं सगळं परत कर, वर पाचवा हिस्सा घाल, आणि मग दोषार्पणाचा मेंढा आण. मेंढा नंतर! प्रभू येशूही तेच सांगतो: अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. मी मात्र त्या मुलाला वळसा घालून थेट देवाकडे गेलो होतो, आणि मिळालेल्या झोपेला शांती म्हणत होतो.

जक्कयाची गोष्ट आठव. उंबरावर चढलेला जकातदार. येशू त्याला एका शब्दाने रागावत नाही. खाली ये, आज तुझ्या घरी उतरायचं आहे, एवढंच म्हणतो. आधी हाक, मग हिशेब. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेल्यांना चौपट, हे तो आपणहून बोलतो. आकडा सांगणारा पश्चात्ताप मला तेव्हापासून फार आवडतो. 'काही चुकलं असेल तर माफ करा' यात आकडा नसतो, माणूसही नसतो.

मी साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. नोंद दुरुस्त झाली. त्या मुलापुढे उभा राहिलो तेव्हा तो म्हणाला, "आता सांगून काय उपयोग?" आणि निघून गेला. क्षमा मिळाली नाही. ती मागायला गेलो होतो, घ्यायला नाही, हे समजायलाही मला दिवस लागले. त्याची त्या वर्षीची बढती गेली ती गेलीच. तिची चौपट कशी काढायची? तू हिशेबात माझ्याहून पक्का, तूच सांग.

आणि हो, तुझ्या पत्राच्या शेवटी धाकट्या भावाच्या पैशांबद्दल अर्धं वाक्य लिहून तू खोडलं आहेस. शाई फार गडद नव्हती. मला वाचता आलं.

तुझाच,
मित्र