ड्यूई बाल्फाची फिडल

लाफायेट, लुइझियाना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नातीला शाळेत फ्रेंच कशाला? अमेरिकेत इंग्रजी पुरत नाही का?" मी हसून विषय बदलला, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात एक फिडलवाला येतो. म्हणून हे पत्र. आईचा नवा चष्मा आला नसेल तर तिला वाचून दाखवा.

इथले केजन लोक मूळचे फ्रेंच. इंग्रजांनी १७५५ पासून त्यांना कॅनडाकडच्या अकाडिया प्रांतातून हाकललं. त्यातले बरेच जण कुठे कुठे भटकून शेवटी लुइझियानाच्या दलदलीत आणि गवताळ माळावर येऊन राहिले. बोलणं फ्रेंच, गाणं फ्रेंच. पुढे १९२१ साली राज्यघटनेनंच शाळेत फक्त इंग्रजी असं ठरवलं. मैदानावर फ्रेंच बोललं म्हणून पोरांनी छड्या खाल्ल्या, "पुन्हा बोलणार नाही" ही ओळ पानंच्या पानं लिहिली. त्या पोरांना मग आईबापाच्या बोलीची लाज वाटायला लागली आणि गाण्याचीही. गावातलीच शहाणी माणसं त्या गाण्याला मांजराचं केकाटणं म्हणायची.

ड्यूई बाल्फा त्याच पिढीचा. १९२७ साली ममू नावाच्या गावाजवळ जन्मला. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचे आणि फिडल वाजवायचे. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. पण इथे गज बहुतेक वेळ दोन तारांवरून एकदम फिरतो, त्यामुळे चालीखाली एक सूर सतत घुमत राहतो. आपल्या भजनात तुम्ही पेटीवर षड्ज धरून ठेवता ना, तसा. तेव्हा नाच कुणाच्या तरी घरातच व्हायचे. खोलीतलं सामान बाहेर काढायचं, पोरांना आतल्या खोलीत झोपवायचं आणि रात्र जागवायची. तालाला लोखंडी त्रिकोण, तोही गवत गोळा करायच्या यंत्राचे जुने दाते वाकवून घरीच केलेला.

१९६४ साली न्यूपोर्टच्या मोठ्या लोकसंगीत महोत्सवाला इथून तीन वादक गेले. ड्यूईचं नाव मूळ यादीत नव्हतंच. आयत्या वेळी कुणाच्या तरी जागी त्याला घेतलं आणि तेही गिटार वाजवायला. निघण्याआधी इथल्या एका संपादकाने लिहिलं, हे लोक तिकडे जाऊन आपलं हसं करून घेणार. ड्यूईने तोवर फार तर दोनशे माणसांपुढे वाजवलं होतं. तिथे समोर सतरा हजार. वाजवून झालं तर लोक त्यांना मंचावरून उतरूच देईनात! तो घरी आला तो या टाळ्यांचा आवाज आपल्या गावात ऐकवायचाच असं ठरवून. मला बाबा, गोष्टीचा हा भाग सगळ्यात आवडतो. बाहेर कौतुक झालं की बाहेरच राहणारे पुष्कळ असतात.

आणि त्याचं पोट काही गाण्यावर चालत नव्हतं. त्याने विमा विकला, शाळेची बस चालवली, बझील गावात फर्निचरचं दुकान काढलं. सोबत भावांना घेऊन बाल्फा ब्रदर्स नावाचा जथा. विल दुसरी फिडल धरायचा, ड्यूईच्या चालीखाली खर्जात. रॉडनी गिटार वाजवायचा आणि गायचा. व्हिल प्लाट गावच्या, रेकॉर्डी काढणाऱ्या फ्लॉइड सॉइलोने आधी का-कू केलं, पण १९६७ साली त्यांची रेकॉर्ड काढली आणि ती चालली. १९६८ साली राज्याने फ्रेंच भाषेसाठी एक मंडळ नेमलं. १९७४ च्या मार्चमध्ये लाफायेटच्या ब्लॅकहॅम कोलिझियममध्ये केजन संगीताचा सोहळा झाला, हजारो लोक आले, आणि या वेळी ते घरचे होते. पुढे ड्यूई फिडल घेऊन शाळांच्या वर्गांतूनही जायला लागला. ज्या भिंतींत त्याच्या पिढीने छड्या खाल्ल्या, तिथेच तो फ्रेंच गाणी म्हणून दाखवायचा. आज तुमची नात सरकारी शाळेत गणितसुद्धा फ्रेंचमधून शिकते. एकट्या ड्यूईमुळे नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर या सगळ्यात आहे.

या गाण्यात फिडलसोबत वाजणाऱ्या अकॉर्डियनचंही सांगते, तुम्हाला मजा वाटेल. पेटीसारखेच आत धातूचे सूर, पण पट्ट्यांऐवजी उजव्या हाताला नुसती दहा बटणं. एकच बटण दाबून भाता ओढला की एक सूर आणि लोटला की दुसरा. म्हणजे भात्याचा हात चुकला की चालच बदलली. मी एकदा हातात घेऊन पाहिलं. सा सापडेपर्यंत घाम फुटला.

१९७९ साली विल आणि रॉडनी दोघे एकाच मोटार अपघातात गेले. पुढच्या वर्षी ड्यूईची बायकोही गेली. पन्नाशीच्या माणसाची उजवी-डावी बाजू एकदमच गळाली. तो थांबला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्याने रॉडनीच्या मुलाला, टोनीला, गिटारवर घेतलं. त्याची धाकटी मुलगी क्रिस्टीन त्रिकोण वाजवायला शेजारी बसायची. शिकायला येणाऱ्या परक्या पोरांनाही त्याने घरात घेतलं. १९८२ साली देशाचा मोठा लोककला सन्मान मिळाला, तो दिला जाण्याचं ते पहिलंच वर्ष. १९९२ साली तो गेला आणि क्रिस्टीनने आपला जथा उभा केला. विलची खर्जातली फिडल मात्र परत तशी कुणाला जमली नाही, असं इथली जाणती माणसं म्हणतात. रेकॉर्ड ऐकून मलाही ते पटतं.

आई म्हणत होती, पखवाजवाले काका गेल्यापासून तुम्ही एकादशीच्या भजनाला जात नाही. काकांसारखा हात पुन्हा मिळायचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण वरच्या आळीतला तो मुलगा दोनदा विचारून गेला म्हणे. त्याला गुरुवारी बोलवा. ठेका धावेल त्याचा, धावू दे. तुम्ही डोळे वटारलेत की आपोआप जागेवर येईल, माझा यायचा तसा.

पेटीचा भाता फुसफुसतोय असं दिवाळीत म्हणाला होतात, ती या महिन्यात मिरजेला दुरुस्तीला पाठवा. पैसे दादाच्या खात्यावर टाकते. आणि आई, बाबा "बघू" म्हणाले तर तूच पाठव.

तुमची,
लेक