वेग गेला, माणसे आली

महोदय,

गुप्त पंथ, हरवलेली हस्तलिखिते आणि व्हॅटिकनची तळघरे यांवर थरारकथा लिहिणारा लेखक एखाद्या स्थलांतरित कुटुंबाच्या तीन पिढ्यांची कादंबरी लिहितो, तेव्हा त्याचे जुने वाचक रुसतात. 'वेग गेला' ही त्यांची ठरलेली तक्रार. मला मात्र वेगापेक्षा दाव्यांची काळजी वाटते. 'द दा विंची कोड' या थरारकादंबरीच्या (२००३) सुरुवातीला 'वस्तुस्थिती' म्हणून एक पान आहे. त्यात प्रायरी ऑफ सायन ही १०९९ पासूनची खरी गुप्त संस्था असल्याचे म्हटले आहे. प्रत्यक्षात तिची नोंद फ्रान्समध्ये १९५६ साली झाली आणि प्राचीन वारशाची कथा रचलेली होती. कादंबरीत कल्पना हवीच. तिच्यावर वस्तुस्थितीचा शिक्का कशाला?

कुटुंबकथाही यातून सुटत नाहीत, हे मान्य. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात (१८९२ ते १९५४) अधिकाऱ्याने आडनाव बदलून टाकले, हा प्रसंग इतक्यांदा वाचलाय की तो आला की मी पान उलटतो. तिथले कारकून जहाजावरून आलेल्या याद्याच पडताळत. नावे बहुतेकदा लोकांनी स्वतःच नंतर बदलली. नोकरी मिळावी म्हणून मुलगा बापाचे आडनाव आखूड करतो आणि घरी ते सांगायला कचरतो. हे दृश्य एखाद्या लेखकाने नीट लिहिले, तर वेगाची तक्रार मी तरी करणार नाही.

– एक वाचक