बेसीचं पान वाचून दाखवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

हे पत्र मराठीत लिहिते आहे. तुम्हाला ते वाचता येणार नाही, म्हणून पुढच्या भेटीत चहा घेताना ओळीओळीने इंग्रजीत सांगेन. पण तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते आधी माझ्या माणसांना कळायला हवं, आणि माझी माणसं लालबाग-परळची, चिपळूण-संगमेश्वरची आहेत. तुमचं नाव घालत नाही. "आभार मानायचेच तर सोसायटीचे मान," असं तुम्हीच बजावलं होतंत. म्हणून गॅस्केल सोसायटीचे आभार मानते, आणि त्यातही सगळ्यात आधी तुमचे.

मँचेस्टरला प्लिमथ ग्रोव्ह रस्त्यावर ८४ क्रमांकाचं घर आहे. इंग्रजी कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल १८५० ते १८६५ अशी शेवटची पंधरा वर्षं त्या घरात राहिल्या. मी जवळच्याच इस्पितळात नर्स आहे. किती वर्षं त्या घरावरून जात होते, पण आत काय आहे हे कधी विचारलं नाही. एका सुट्टीच्या दिवशी चहा मिळतो एवढंच ऐकून आत गेले. जेवणघरात तुम्ही उभ्या होतात. या खोलीला तीन दारं आहेत, इथे टेबलाशी बसलं की घरातलं सगळं दिसतं-ऐकू येतं, म्हणून बाई लिहायला इथेच बसत, असं तुम्ही सांगत होतात. मग मला विचारलंत, कुठली? म्हटलं, मुंबईची. वडील काय करत? म्हटलं, कापडाच्या गिरणीत होते.

इथे आल्यापासून हे उत्तर मी कितीतरी जणांना दिलं असेल. लोक मान हलवतात आणि पुढचं बोलतात. तुम्ही विचारलंत, "कुठल्या खात्यात?"

बाई, हा प्रश्न गिरणगावातला माणूसच विचारू शकतो. कापड विणणाऱ्या साचाखात्यातला वेगळा, सूत कातणाऱ्या रिंगवरचा वेगळा, कापूस पिंजणाऱ्या कार्डिंगचा वेगळा. मी म्हटलं, "कार्डिंगला." तेव्हा तुम्ही माझा हात धरलात आणि सांगितलंत की तुमची आजी मँचेस्टरजवळच्या ओल्डहॅमला कार्डिंगलाच होती. नंतर कपाटातून गॅस्केलबाईंची 'नॉर्थ अँड साउथ' ही कादंबरी काढून बेसीचं पान उघडलंत आणि उभ्याउभ्या मला वाचून दाखवलंत.

मराठी वाचकांसाठी त्या पानात काय आहे ते सांगते. बेसी हिगिन्स ही गिरणी कामगाराची मुलगी, वय एकोणीस. कार्डिंग करताना कापसाचं जे बारीक तूस उडतं ते छातीत बसून ती मरायला टेकली आहे. कादंबरीची नायिका मार्गारेट तिला विचारते, यावर काही उपाय नाही का? बेसी सांगते, काही ठिकाणी तूस ओढून घेणारं मोठं चाक बसवतात, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि नफा काहीच नाही, म्हणून थोडेच मालक ते बसवतात. पुढे ती आणखी एक गोष्ट सांगते, ती ऐकून मी खुर्चीत बसले. चाक असलेल्या खात्यात काम करायला काही कामगारच नाखूश असतात. तूस गिळायची इतकी सवय झालेली असते की ते मिळालं नाही तर भूक लागते. तिथे काम करायचं तर पगार वाढवून द्या, असं त्यांचं म्हणणं.

ही कादंबरी १८५४-५५ मध्ये आली. माझे बाबा त्यानंतर सव्वाशे वर्षांनी पाळीवरून घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, नाकाच्या केसांवर कापूस असायचा. शर्टाच्या खिशात गुळाचा खडा. तूस घशाखाली उतरावं म्हणून गूळ. आम्ही भावंडं उरलेल्या खड्यासाठी भांडायचो. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत बाबा होते. पुढे गावी गेलो. बाबा मुंबईला कामावर परत कधी गेलेच नाहीत, पण तो खोकला त्यांच्याबरोबर गावी आला. शेवटच्या कागदावर डॉक्टरांनी 'दमा' एवढंच लिहिलं. आता मी नर्स आहे, त्यामुळे कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाचं वेगळं नाव मला माहीत आहे. त्या कागदावर ते नाव नव्हतं, गिरणीचा उल्लेखही नव्हता. ती नोंद मला पहिल्यांदा बेसीच्या पानावर सापडली, आणि ते पान माझ्यासमोर तुम्ही धरलंत.

त्यानंतरचा हिवाळा मी विसरणार नाही. तुमच्या वाचनगटात मला घेतलंत. लँकेशायरची, म्हणजे मँचेस्टरच्या भागातली, बोली मला कळेना, तर तुम्ही माझ्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने अर्थ लिहून देऊ लागलात. 'क्लेम' म्हणजे उपासमार, हे मी तिथेच शिकले. तेव्हाच तुम्ही सांगितलंत की विल्यम गॅस्केल यांनीही हेच काम केलं होतं. लँकेशायरच्या बोलीवरची त्यांची दोन व्याख्यानं बायकोच्या 'मेरी बार्टन' या गिरणी कामगारांवरच्या कादंबरीच्या १८५४ च्या आवृत्तीला जोडलेली आहेत. ते धर्मोपदेशक होते, आणि 'मेरी बार्टन' वाचून चिडलेल्या गिरणीमालकांपैकी काहीजण त्यांच्याच चॅपेलला येणारे होते. त्या परिस्थितीत कामगारांच्या शब्दांना टिपा लिहीत बसणारा नवरा मला फार मोठा वाटतो. तुमच्या पेन्सिलीच्या खुणा असलेली ती प्रत मी कुणाला देत नाही.

सोसायटीच्या सभेत बोलायचं म्हटल्यावर मी तीनदा नाही म्हटलं. इथे प्राध्यापक मंडळी येतात, तुमचं स्वतःचं नियतकालिक आहे, जपानमध्येसुद्धा गॅस्केलवाचकांची सोसायटी आहे; तिथे मी काय बोलणार? तुम्ही म्हणालात, "खिशातल्या गुळाबद्दल बोल." मी दहा मिनिटं बोलले. भोंगा, पाळ्या, कायम नसलेल्या बदलीवाल्यांची सकाळची फाटकापाशी गर्दी, संप. बोलून झाल्यावर मागे बसलेले एक म्हातारे गृहस्थ उठले आणि त्यांनी विचारलं, संपाच्या काळात घरात काय शिजायचं? मी सांगितलं, आणि त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

त्याच दिवशी तुम्ही मला १८६० च्या दशकातला कापसाचा दुष्काळ समजावलात. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, आणि मिसेस गॅस्केल मुलींना घेऊन बेकार कामगारांच्या मदतीसाठी थकून जाईपर्यंत राबल्या. तेव्हा इकडे मुंबईत कापसाचा भाव कडाडला होता, समुद्र बुजवायला निघालेल्या बॅकबे कंपनीच्या शेअरांवर लोक वेडे झाले होते, आणि १८६५ मध्ये सगळं कोसळलं. आपल्याकडून जाणाऱ्या कापसाला तिथे सरसकट 'सुरती' म्हणत. त्याचा धागा आखूड, सारखा तुटायचा. 'देवा, कापूस पाठव, पण सुरती नको,' अशी प्रार्थना करणाऱ्या विणकराची गोष्ट तुमच्याकडे अजून सांगतात. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात ती तेजी होती, पण तिच्या दुसऱ्या टोकाला उपाशी बसलेली माणसं नव्हती. ती मला तुम्ही दाखवलीत.

सोसायटीबद्दलही लिहायला हवं. १९८५ साली मँचेस्टरजवळच्या नट्सफर्ड गावी काही वाचकांनी ती सुरू केली. प्लिमथ ग्रोव्हचं गुलाबी रंग फासलेलं ते घर पुढे एका ट्रस्टने घेतलं, सुमारे २५ लाख पौंड खर्चून दुरुस्त केलं आणि २०१४ मध्ये लोकांसाठी उघडलं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चच्या खिडकीत २०१० पासून मिसेस गॅस्केल यांचं नाव आहे. हे सगळं मोठंच. पण दाराशी उभं राहून आल्यागेल्याला "कुठल्या खात्यात?" असं विचारणारं माणूस तिथे आहे, याचं मोल मला त्याहून जास्त वाटतं.

आणि नट्सफर्डची ती सहल. स्टेशनजवळच्या ब्रुक स्ट्रीट चॅपेलच्या आवारात मिसेस गॅस्केल यांच्या समाधीपाशी तुम्ही त्यांच्या भावाबद्दल बोललात. जॉन खलाशी होता, हिंदुस्थानच्या वाटेवर नाहीसा झाला, त्याचं काय झालं ते घरच्यांना कधी कळलं नाही. एलिझाबेथ तेव्हा अठरा वर्षांच्या आतबाहेर असतील. पुढे त्यांच्या 'क्रॅनफर्ड' या कादंबरीत मिस मॅटीचा हरवलेला भाऊ पीटर हिंदुस्थानातून म्हातारा होऊन परत येतो, बहिणीच्या घरी राहतो, गावातल्या बायकांना गोष्टी सांगतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "कादंबरीत तिने त्याला घरी आणलं." मग आपण दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

परत आल्यावर मी बेसीचं ते पान मराठीत उतरवलं. मला लेखन येत नाही, पण कार्डिंग, तूस, पाळी, मालक हे शब्द घरचेच होते, ते शोधावे लागले नाहीत. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती ब्याऐंशी वर्षांची आहे, गावीच असते. मधे एकदाही बोलली नाही. संपल्यावर तिने विचारलं, "त्या पोरीला गूळ नव्हता का गं कोणी देत?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या सभेला मँचेस्टरच्याच रशहोम भागातल्या दुकानातून गूळ घेऊन येते आहे, सगळ्यांना पुरेल एवढा. ओल्डहॅमच्या तुमच्या आजी घशासाठी काय तोंडात ठेवायच्या, ते तेवढं आठवून ठेवा. आईला सांगायचं आहे.

तुमची,
कार्डिंगवाल्याची मुलगी