इलेक्ट्रोलिसिस आणि ‘थोडं सोसावंच लागतं’

संपादक महोदय,

इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेच्या प्रवाहाने मूळ नष्ट करून, केस काढताना ‘थोडं सोसावंच लागतं’ असे सर्रास सांगितले जाते, ते आम्हाला पटत नाही. सुई केसाच्या मुळाशी सरळ उतरली तर टोचणे फारसे जाणवत नाही; चटका बसतो तो प्रवाहाचा. त्यानंतर केस चिमट्याने अलगद सरकून यायला हवा. उपटल्यासारखी कळ आली, तर सुईची खोली किंवा दिशा चुकली आहे, नाहीतर प्रवाह कमी पडला आहे. तिथल्या तिथे सांगा. गप्प बसू नका.

लिडोकेन आणि प्रिलोकेन ही त्वचा बधिर करणारी औषधे प्रत्येकी २.५ टक्के असलेले क्रीम अनेकांना लागू पडत नाही, कारण ते चोळून जिरवले जाते. जाड थर द्यावा, वर प्लास्टिकची फिल्म लावावी, किमान ६० मिनिटे ठेवावे आणि सुई लावण्याआधी पूर्ण पुसून काढावे. मात्र अख्खा पाय किंवा पाठ असे झाकणे धोक्याचे! औषध रक्तात जास्त उतरले तर झटके येऊ शकतात, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. किती भागाला, किती क्रीम, हे डॉक्टरांनाच विचारावे.

वरच्या ओठाला फार दुखते, तिथे बैठक छोटीच ठेवावी. आणि त्वचा बधिर आहे म्हणून प्रवाह वाढवू देऊ नये. दुखले नाही तरी त्वचा भाजतेच. खपल्या आणि व्रण मागाहून दिसतात.

– काही इलेक्ट्रोलिसिस व्यावसायिक