आत्या, येताना सोऱ्या आण

स्टुटगार्ट,
22 जून

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. मामांनाही सांग.

तू म्हणशील पत्र कसलं लिहितोयस, फोन काय मेलाय काय. मेला नाही, खरं फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी मुद्द्यावर आलो की नेमकी तुझ्या कुकरची शिट्टी होते, मग विषय राहूनच जातो. म्हणून आज रविवार आहे तर बसून टाईप केलं. मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घे आणि दुपारी निवांत वाच. बाबांना पाठवलेलं नाही हे, मुद्दामच.

विषय तोच, आज्जी-आबांना पुण्याला न्यायचा. बाबांचं जवळजवळ ठरलंय. नागपंचमी झाली की गाडी घेऊन येतो म्हणतात, म्हैस विकायची, शेत वाट्यानं द्यायचं, घराला कुलूप. गेल्या पावसाळ्यात आबा गोठ्याच्या पायरीवरनं घसरले तेव्हापासून त्यांची झोप उडालीय हे मला कळतंय गं, माझीपण उडालेली. इथं रात्री दीडला फोन वाजला होता, म्हणजे तिकडं पहाटेचे पाच, आणि पहाटे पाचला गावाकडनं फोन म्हटल्यावर उचलायच्या आधीच हात गार पडतात. नशीब, मुका मारच होता.

पण मी एप्रिल-मेमध्ये चार आठवडे तिथं राहून आलो. तू एक दिवस येऊन गेलीस, बाबा दोन दिवस. चार आठवडे सलग त्या घरात आपल्यापैकी कोण राहिलंय शेवटचं, सांग बघू? मी तर कॉलेज सुटल्यापासून नाही, उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरीला होतो तेव्हासुद्धा रूम करून बेळगावातच राहायचो. त्यामुळं जे बघितलं ते सांगतो, मग तू ठरव. आबा ऐकलेच तर तुझंच ऐकतात.

आबा साडेचारला उठतात, पाचला गोठ्यात. धार काढून किटली घेऊन डेअरीवर, तिथं फॅट किती लागली यावर रोज तेच भांडण, त्या पोराला आबा म्हणतात तुझं मशीनच पाणी प्यालंय. मग बसस्टॉपच्या कट्ट्यावर पेपर. पेपर एकच येतो आणि वाचणारे सातजण, आबा मोठ्यानं वाचतात, बाकीचे मध्ये मध्ये थांबवून वाद घालतात, एक पान संपायला अर्धा तास. नऊला घरी, भाकरी-भाजी, मग शेताकडं एक चक्कर. दुपारी झोप नाही. झाडाखाली बसून दोर वळतात, नाहीतर नारळाच्या झावळ्या सोलून खराटे बांधतात, आणि ते खराटे गल्लीत फुकट वाटतात. मी मोजले, चार आठवड्यांत अकरा खराटे. एवढे खराटे गल्लीला कशाला लागतात ते विचारू नकोस.

आणि त्यांची ती वही. तुला माहीत असेल, मला माहीतच नव्हती. पावसाची वही आहे, जुन्या डायऱ्यांमध्ये नक्षत्रवार लिहिलेलं, मृग कोरडा, आर्द्रा चांगला, तरणा पाऊस बरा, म्हातारा पाऊस जोरात, खाली रोप लावणी कधी झाली, बटाटा किती पिशव्या निघाला, रताळ्याला काय भाव लागला. मध्येच एका ओळीत 'आज मुलगी सासरी गेली' असं लिहिलंय, आणि त्याच्याच पुढच्या ओळीत 'म्हैस गाभण'. तुझ्या लग्नाची एवढीच नोंद आहे बघ, हसू नकोस. परवा फोन केला तर म्हणाले, आता आर्द्रा लागतोय, आणि यंदा त्याचं वाहन काय ते सांगायला लागले आणि तेवढ्यात रेंज गेली. कोल्हा की मोर की बेडूक, राहूनच गेलं.

आता आज्जीचं. तिचा उन्हाळा म्हणजे कॅलेंडरच असतो बघ. आधी चटणी, मग पापड-सांडगे, मग कुरडया, शेवटी लोणचं, आणि हे सगळं वळीव गाठायच्या आत. चटणीला संकेश्वरी मिरची तिखटाला आणि ब्याडगी रंगाला, दोन्ही तिनं स्वतः बेळगावला जाऊन हातात घेऊन, मोडून, वास घेऊन आणली, कुणावर भरवसा नाही. आठ दिवस अंगणात मिरच्या, खोबरं, धणे, आणि मी देठं काढायला. पहिल्या दिवशी मी तोच हात डोळ्याला लावला. पुढचं लिहीत नाही.

कुरड्या मात्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितल्या, लहानपणी आपण फक्त चीक खायला हजर असायचो. पाच किलो गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, त्या आंबूस वासानं अख्खं मागचं दार भरलेलं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढला आणि रात्रभर झाकून ठेवला, सकाळपर्यंत चीक खाली बसतो आणि वर पिवळट पाणी राहतं, ते हलक्या हातानं ओतून टाकायचं. पहाटे चारला चूल. चीक जेवढा तेवढंच पाणी, त्यात मीठ-हिंग, आणि उकळी आली की एकानं चीक ओतायचा, एकानं थांबायचं नाही, ढवळतच राहायचं. ढवळायला मी होतो. दोन मिनिटांत ते असलं घट्ट होतं की लाकडी दांडा हातातनं सुटतो, आणि आज्जी शेजारी उभी राहून म्हणते, "गाठ होऊलीया बघ, जर्मनीत हेच शिकलास काय?" मी मशीन डिझाईन करतो आत्या, टॉर्क म्हणजे काय ते मला त्या पातेल्यात कळलं. पांढरा चीक काचेसारखा दिसायला लागला की झालं. मग ऊन वर यायच्या आत गच्चीवर धोतरावर कुरडया घालायच्या. शेजारच्या काकू, त्यांची सून, पलीकडची ती शाळेत जाणारी पोरगी, सगळ्या आपोआप आल्या, कुणाला निरोप नाही की मेसेज नाही. दुसऱ्या दिवशी या सगळ्या त्यांच्या गच्चीवर. आज्जी तिथं काम कमी आणि सूचना जास्त करते, तरी तिला बसायला पाट पहिला.

कुरडया घातल्या त्या शेजारच्यांच्या सोऱ्यानं, कारण आपला घरात नाही. यावर आज्जी काय काय बोलली ते शेवटी लिहितो.

त्याच दिवशी चारला वळीव आला. काय पळापळ, आबा धोतर एका टोकाला धरून जिन्यावर, मी दुसऱ्या टोकाला, अर्ध्या कुरडया चिकटून गोळा झाला. मला वाटलं आज्जी रडणार. ती म्हणाली, आता ह्याची भाजी करूया, आणि पाच मिनिटांत कांदा चिरायला बसली.

हिचं बाहेर फिरणं पण बघण्यासारखं झालंय. जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली ना, तेव्हापासून आज्जी घरात सापडत नाही. आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला. बेळगावात सीबीटी बसस्टँडला उतरून गणपत गल्ली, तिथं भाजीवालीशी "येष्टु री?" करत कानडीत घासाघीस, आणि ती द्यायला तयार झाली की मराठीत "र्‍हाऊ दे बाई". सौंदत्तीला वर्षात तीनदा जाऊन आली, यल्लम्मा पण म्हणत असेल परत आली काय ही. तुझ्याकडं येताना निपाणीपर्यंत फुकट, आणि तिथनं महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणजे दोन्ही सरकारांना तिनं बरोबर कामाला लावलंय. वर गृहलक्ष्मीचे महिन्याला 2000. ते जमा झाले की आबा म्हणतात, सीमाप्रश्नाचा आम्हाला मिळालेला एवढाच फायदा, आणि मग दोघं भांडतात कारण पैसे तिच्या खात्यात येतात.

आबांना मी सरळच विचारलं, रात्री अंगणात पडलो होतो तेव्हा, पुण्याला जाणार काय म्हणून. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "1956 ला मी शाळेत होतो. 1 नोव्हेंबरला मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलो म्हणं. मी कुठं गेलो? मी हितंच होतो, राज्यच हाललं. आता तुमच्या लिफ्टसाठी हालू काय मी?" शेताचा उतारा कानडीत येतो, तो वाचून घ्यायला आजही दुसऱ्याकडं जावं लागतं त्यांना आणि दर वेळी तेवढ्याच रागानं जातात. पण जातात आणि परत येतात.

आणि पुण्याचा प्रयोग आपण केलाय की एकदा. तू विसरलीस, आज्जी विसरली नाही, एकोणीस दिवस म्हणून सांगते, तासही सांगेल. आबा पहाटे साडेचारला खाली उतरायचे तर वॉचमन रोज विचारायचा कुणाकडं आलाय. सहाव्या दिवशी आज्जीनं गॅलरीत मिरच्या वाळत घातल्या, वरचे ठसकायला लागले आणि सोसायटीचे सेक्रेटरी दारात. आईनं माफी मागितली. आज्जी त्यानंतर दुपारभर टीव्हीसमोर बसून राहायची आणि टीव्ही बंद असायचा, हे आईनंच मला सांगितलंय. जेवण आयतं, पाणी गरम, सगळं बरोबर, खरं करायला काही नाही.

आता तू म्हणणार, सहा-सात हजार किलोमीटरवर बसून तुला हे लिहायला काय जातंय, रात्री काही झालं तर धावायचं आम्हाला. हे बरोबर आहे. मला त्याला उत्तर नाही, आणि म्हणूनच नुसतं लिहीत बसलो नाही, जाताना थोडं करून आलोय. गोठ्याची ती पायरी काढली, तिथं उतार करून खरबरीत फरशी बसवली. न्हाणीत धरायला दांडा लावला, आबांनी पहिल्या दिवशी त्यावर टॉवेल वाळत घातला, खरं आता धरतात म्हणे. मागच्या दारी आपोआप लागणारा दिवा लावला, त्याला आज्जी अजून दचकते. शेजारच्या पोराशी बोललोय, पावसाचे तीन महिने सकाळची धार तो काढेल, आबा फक्त समोर उभं राहून त्याला चुका दाखवतील. पैसे मी पाठवतो. या शेवटच्याला आबा तयार व्हायला सहा दिवस लागले.

राहिलं आज्जीच्या मोतीबिंदूचं. ते मात्र तू मनावर घे. उजव्या डोळ्यानं तिला कमी दिसतंय, सुईत दोरा ओवायला माझ्याकडं यायची आणि वर म्हणायची सुईचं भोकच बारीक आलंय हल्ली. थंडीत कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन करून घे, पंधरा दिवस ठेवून घे, दिवस आधीच मोजून सांग म्हणजे ती येईल. आबांना त्या दिवसांत आई येऊन राहील, तिच्याशी मी बोललोय.

आणि बाबांशी तू बोल. मी बोललो तर 'तू तिकडनं शिकवू नकोस' होतं आणि फोन ठेवला जातो. तू मोठी बहीण आहेस, तुझ्यावर ते ओरडतात पण ठेवत नाहीत. एकदम नाही म्हणू नकोस, यंदाचा पावसाळा बघूया म्हण. गावची लक्ष्मी यात्रा लागेल तेव्हा तरी घर उघडं पाहिजे ना म्हण, माहेरवाशिणी उतरणार कुठं? गेल्या यात्रेला आपल्या घरात दोन दिवसांत किती पंगती उठल्या आठव, बाबा स्वतः भातावर रस्सा वाढत फिरत होते घामानं भिजून, आणि सगळ्यात खूश तेच होते. ते आठवून दे त्यांना.

माझं इथं बरं चाललंय. ऊन आहे सध्या, रात्री साडेनऊपर्यंत उजेड, त्यामुळं जेवायचं कधी ते कळत नाही. आज्जीनं दिलेली चटणी मी तीन डब्यांत वेगवेगळी ठेवलीय, संपायच्या भीतीनं. कुरडई तळली तर स्मोक अलार्म वाजला, खालच्या मजल्यावरची म्हातारी बघायला आली, तिला एक दिली. दुसरी मागितली तिनं.

पंचमीला तू गावी जाच, आणि एका दिवसासाठी नको, आठ दिवस राहा. आणि आता ते सोऱ्याचं. 2019 च्या दिवाळीला चकल्यांना म्हणून जो पितळी नेलास तो. आज्जी म्हणाली, नुसता नको, सगळ्या चकत्यांसकट आण, सहा होत्या. मी तुझ्या बाजूनं बोललो, म्हटलं आत्या विसरली असेल. तर म्हणाली, "इसरली नाही ती. तिला म्हाईत हाय मी इचारूलोय म्हणून."

तुझा,
बाळ्या